ट्रॅक्टरच्या खड्डे मशीनला किती इंची ऑगर घ्यायचा?

पोस्ट होल डिगर घ्यायला दुकानात गेलात की पहिला प्रश्न येतो, "ट्रॅक्टर किती एचपीचा?" ४५ म्हणालात की लगेच दोन फुटी ऑगर, म्हणजे दोन फूट व्यासाचा माती पोखरणारा पात्यांचा स्क्रू, पुढे येतो. ट्रॅक्टर ओढतोय तर मोठाच घ्या, लहान कामही त्यातच होईल, असा त्यामागचा हिशेब असतो. कुंपणाचे काम निघाले की हा हिशेब सिमेंटच्या गोण्यांवर जातो, आणि तोवर ऑगर परत करायची वेळ निघून गेलेली असते.

सोलापूर-सांगलीकडच्या पट्ट्यात डाळिंब, ड्रॅगन फ्रूट आणि जाळीचे कुंपण या तिन्ही कामांना मी हे मशीन वापरले आहे, शेजारपाजारी भाड्यानेही चालवले आहे. नव्याने घेणारे साधारण तेच तेच विचारतात, म्हणून क्रमाने लिहितो.

बाजारात ६, ९, १२, १८, २४ आणि ३६ इंची ऑगर मिळतात, हे माप व्यासाचे. लांबी बहुतेकांची तीन फुटांच्या आसपास. गिअरबॉक्स आणि सांगाडा एकच, खालचा ऑगर बदलता येतो. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

१. खड्ड्यात काय जाणार ते आधी ठरवा

खांब जाणार की झाड, यावर निम्मा निर्णय होतो.

आधी खांब. कुंपणाचा सिमेंटचा खांब बुंध्याला साधारण ४ बाय ४ इंच असतो. पण चौकोनी खांब गोल खड्ड्यात जाताना मोजायचा तो कोनातून कोनात, आणि तो भरतो साडेपाच इंचांच्या वर. म्हणजे ६ इंची खड्ड्यात खांब कसाबसा अडकेल, ओळंब्यात धरायला जागाच उरणार नाही. ६ इंची ऑगर गोल लोखंडी पाइप, अँगल किंवा बारीक बल्ली यांच्यासाठी ठेवा.

९ इंची खड्ड्यात त्याच खांबाच्या बाजूंना अडीच इंच आणि कोपऱ्यांना पावणेदोन इंच मोकळे राहतात. काँक्रीट भरायला तेवढे पुरते. पण दगड-मुरूम टाकून पहारीने ठोकून भरणार असाल तर पहार खाली मोकळी चालली पाहिजे, तिथे १२ इंचीच घ्या.

आता मोठ्या ऑगरने हाच खांब रोवला तर काय होते ते बघा. खड्डा दोन फूट खोल धरू. खांबाची जागा वजा जाता ९ इंची खड्ड्याला पाऊण घनफुटापेक्षा थोडे कमी काँक्रीट लागते, १२ इंचीला सव्वा ते दीड घनफूट, आणि १८ इंचीला सव्वातीन घनफूट. १:२:४ च्या मालात (सिमेंट, वाळू, खडी) सिमेंटच्या एका गोणीचे साधारण साडेपाच घनफूट काँक्रीट होते. म्हणजे ९ इंचीत एका गोणीत आठ खांब बसतात, १२ इंचीत चार, आणि १८ इंचीत दोनसुद्धा नीट बसत नाहीत. दहा फुटांवर एक खांब धरला तर हजार फुटांच्या कुंपणाला शंभर खांब येतात. ९ इंचीला बारा-तेरा गोण्या आणि १८ इंचीला साठ, हा फरक नुसता ऑगरचा आहे. व्यास दुप्पट केला की खड्डा चौपट होतो, ही एक गोष्ट ध्यानात राहिली तरी दुकानदाराशी बोलणे सोपे जाते.

कोपऱ्याचे आणि फाटकाचे खांब वेगळे धरा. तिथे तारेचा सगळा ताण येतो, म्हणून १२ इंची आणि अर्धा फूट जास्त खोल. द्राक्षबागेत कडेच्या अँगलचेही तेच. मधल्या अँगलला लहान खड्डा चालतो, कडेला नाही.

ड्रॅगन फ्रूटचा खांब दिसायला कुंपणासारखाच, पण त्याच्यावर चार झाडे चढतात आणि सगळे वजन डोक्यावरच्या रिंगणावर येते. वारा सुटला की खांब बुंध्यातून हलायला बघतो. इथे १२ इंचीच, दोन फूट खोल. ९ इंचीत बसवून सिमेंट वाचवायच्या फंदात पडू नका. वर झाडे चढल्यावर वाकलेला खांब सरळ करता येत नाही.

आता झाडे. डाळिंब, पेरू यांना साधारण ६० सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्ड्याची शिफारस असते. आंबा-नारळाला एक मीटर सांगतात. ६० सेंटिमीटर म्हणजे २४ इंच, म्हणून २४ इंची ऑगर घेतला की काम झाले असे वाटते. पण शिफारस चौकोनी खड्ड्याची आहे आणि ऑगर गोल खड्डा पाडतो. दोन फुटी चौकोनी खड्ड्यात आठ घनफूट माती मावते, तेवढ्याच खोलीच्या गोल खड्ड्यात सव्वासहा. झाडाला याने काही बिघडत नाही, पण लागवड भाऊसाहेब फुंडकर योजनेतून किंवा रोजगार हमीतून करणार असाल तर मोजमाप होते. अंदाजपत्रकात खड्डा किती धरला आहे आणि गोल खड्डा चालेल का, हे सहायक कृषी अधिकाऱ्यांना (पूर्वीचे कृषी सहायक) खड्डे मारण्यापूर्वी विचारा. नंतर तीनशे खड्ड्यांचे कोपरे टिकावाने काढायला कोणी मजूर राजी होत नाही.

मोठा खड्डा भरावाही लागतो, हे झाडांच्या बाबतीत बहुतेक जण विसरतात. डाळिंब साडेचार बाय तीन मीटरवर लावले तर एकरी तीनशे झाडे बसतात. दोन फुटी ऑगरने दोन फूट खोल तीनशे खड्डे म्हणजे जवळजवळ १९ ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) भरणा. जमीन चांगली असेल तर वरची माती, शेणखत, सुपर फॉस्फेट मिसळून तीच परत जाते. पण माळावर खालून निघालेला मुरूम परत खड्ड्यात घालायचा नसतो, तिथे माती किंवा तलावातला गाळ आणावा लागतो. १८ इंची ऑगरने हाच आकडा साडेदहा ब्रासवर येतो. गाळ जवळ आणि फुकट मिळत असेल तर दोन फुटी खड्डे जरूर घ्या. ट्रॉल्या लांबून भाड्याने आणायच्या असतील तर १८ इंचीचा विचार करा, आणि खड्ड्याच्या तळाशी पहारीने मुरूम फोडून ठेवा.

भारी काळ्या रानात डाळिंब लावणार असाल तर मात्र ऑगर घ्यायच्या आधी थांबा. अशा जमिनीत पाणी निचरत नाही, म्हणून लागवड गादीवाफ्यावर करतात. वाफा मातीने उंच केलेला असतो, त्यात रोप बसण्यापुरता खड्डा खोऱ्यानेही होतो. दोन फूट खोल खड्डा मारून ठेवलात तर पावसाळ्यात त्याचे डबके होईल आणि मूळकूज स्वतःहून बोलावल्यासारखे होईल.

२. जमीन बघा, तीही पहारीने

नुसत्या डोळ्यांनी जमीन कळत नाही. शेताच्या चारही कोपऱ्यांत आणि मध्ये पहार मारून बघा. दीड फूट सहज गेली तर कोणताही ऑगर चालेल. फूटभर जाऊन ठण्ण आवाज आला तर खाली खडक किंवा मोठा धोंडा आहे. खर्र आवाज करत थोडी थोडी जात असेल तर मुरूम.

काळ्या मातीत अडचण असते ती ओलीची. ओल जास्त असेल तर माती पात्यांना चिकटते, ऑगर वर काढला तरी सुटत नाही, आणि मजूर खोऱ्याने खरवडत बसतात. लहान ऑगरमध्ये पात्यांच्या फटी अरुंद, म्हणून ९ इंचीला हा त्रास जास्त. उलट उन्हाळ्यात ती तापून कडक झाली की ऑगर वरच्या वर घसरतो. वापसा आल्यावर खड्डे घ्या. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि सोडला की फुटावा, तो दिवस गाठा.

ओल्या काळ्या मातीत आणखी एक होते. ऑगर फिरताना खड्ड्याची भिंत घोटून गुळगुळीत करतो. वाळली की ती भिंत कुंडीसारखी कडक होते, रोपाची मुळे तिच्यावर आपटून आतल्या आत गोल फिरतात. खांबाला याचे काही नाही, पण झाडाच्या खड्ड्यात उतरून भिंतीवर टिकावाने उभे चरे पाडाच. मोठ्या ऑगरने हे टळत नाही, काम फक्त थोडे सोपे होते, कारण दोन फुटी खड्ड्यात टिकाव फिरतो.

मुरमाड रानात साधी पाती लवकर झिजतात. तिथे दात बदलता येणारा ऑगर घ्या. मुठीएवढे गोटे मिसळलेली जमीन असेल तर उलटा विचार करावा लागतो. ६ किंवा ९ इंची ऑगरच्या पात्यात गोटा अडकतो आणि सगळे जाम होते, १२ इंची तोच गोटा मातीबरोबर वर घेऊन येतो. कठीण जमीन आहे म्हणून लहान ऑगर घ्या, हा सल्ला गोट्यांच्या रानात चालत नाही.

सलग खडक असेल तिथे, कोकणातल्या जांभ्याच्या कातळावरही, हे मशीन नेऊच नका. ते काम ब्रेकरचे.

३. मग ट्रॅक्टरकडे या

आता एचपी. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा मशीन फिरवणारा दांडा, मिनिटाला ५४० फेऱ्यांवर चालतो, गिअरबॉक्स तो वेग साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आणतो आणि जोर वाढवतो. ढोबळ मानाने मिनी ट्रॅक्टरला ६ आणि ९ इंची, मऊ जमीन असेल तर १२ इंचीही. ३५ एचपीच्या आसपास १२ इंची बिनधास्त, १८ इंची जमीन बघून. २४ इंचीला ४५ एचपी असलेला बरा, आणि ३६ इंची ५० च्या वरच. नेमका आकडा मशीनच्या माहितीपत्रकात बघा, कारण गिअरबॉक्स लहान असेल तर मोठा ट्रॅक्टर काही कामाचा नाही, उलट तोच गिअरबॉक्स तोडतो.

एचपीपेक्षा जास्त वेळा नडते ती लिफ्ट, म्हणजे मागचे मशीन वर उचलणारी ट्रॅक्टरची यंत्रणा. दोन फुटी, तीन फूट खोल खड्ड्यातली माती चारशे किलोच्या आसपास भरते. ती सगळी एकदम वर काढायला गेलात तर पुढची चाके हलकी होतात. शिवाय मशीन पूर्ण वर उचलल्यावर ऑगरचा शेंडा जमिनीपासून किती उंच राहतो हे दुकानातच जोडून बघा. लहान ट्रॅक्टरवर शेंडा वीतभरच वर राहतो आणि प्रत्येक बांधावर आपटतो.

आणि हे नीट समजून घ्या की आपल्या ट्रॅक्टरची लिफ्ट वर उचलते, खाली दाबत नाही. ऑगर जमिनीत शिरतो तो स्वतःच्या वजनाने, शेंड्याच्या आट्याने आणि दातांच्या धारेने. ऑगर शिरत नाही म्हणून सांगाड्यावर माणूस उभा करणारे मी पाहिले आहेत. फिरत्या शाफ्टच्या शेजारी माणूस उभा करणे म्हणजे अपघाताला आमंत्रण. ऑगर शिरत नसेल तर दात बदला, ओल येऊ द्या, नाहीतर लहान ऑगर लावा.

४. दुकानात काय तपासायचे

टेप घेऊन जा. १२ इंची म्हणून विकलेला ऑगर पात्यांच्या बाहेरच्या कडेवर मोजा. खड्डा ऑगरपेक्षा थोडा मोठाच पडतो, मऊ जमिनीत इंचभर सहज, त्यामुळे अर्धा इंच कमी भरला तर रडू नका. पण दीड-दोन इंच कमी असेल तर तो ऑगर नको.

पात्याची जाडी आणि मधल्या पाइपला केलेले वेल्डिंग बघा. टाके मारून सोडले आहेत की अखंड वेल्डिंग आहे, हे बोट फिरवून कळते. दात बोल्टने बसवलेले असावेत आणि ते सुटे मिळतात का, हे त्याच दुकानात विचारा.

ऑगर गिअरबॉक्सच्या ज्या दांड्यावर बसतो तो गोल आहे की षटकोनी, व्यास किती, बोल्टचे भोक कुठे, हे लिहून घ्या. पुढच्या वर्षी दुसऱ्या मापाचा ऑगर दुसरीकडून आणलात आणि बसला नाही, हा प्रकार सर्रास होतो. माझे मत विचाराल तर एक मोठा ऑगर घेण्याऐवजी त्याच गिअरबॉक्सवर १२ आणि १८ इंची असे दोन घ्या. फक्त कुंपणच करायचे असेल तर ९ आणि १२. २४ इंची तुमच्याकडे एकदाच लागणार असेल तर तो भाड्याने आणा.

पीटीओ शाफ्टची लांबी मशीन पूर्ण वर आणि पूर्ण खाली, दोन्हीकडे बघा. लांब असेल तर एका टोकाला गच्च बसतो आणि पीटीओच्या बेअरिंगवर जोर येतो, आखूड असेल तर निसटतो. त्यावरचे प्लास्टिकचे कव्हर दुकानदार बाजूला काढून ठेवत असेल तर मागून घ्या.

शिअर बोल्ट किमान दहा जास्तीचे घ्या. धोंड्याला ऑगर अडकला की हा बोल्ट तुटतो आणि गिअरबॉक्स वाचतो. तो सारखा तुटतो म्हणून हायटेन्साइल बोल्ट घालणारे बहाद्दर गावोगावी आहेत, मग त्यांच्या गिअरबॉक्सचे दात तुटतात.

५. अनुदान घ्यायचे असेल तर

महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर कृषी यांत्रिकीकरणात अर्ज करा. सापळा एकच आहे, पण त्यात पुष्कळ जण सापडतात. पूर्वसंमती मिळायच्या आधी मशीन विकत घेऊ नका. बिलाची तारीख आधीची असेल तर अनुदान मिळत नाही. अर्ज करताना मशीनचा प्रकार आणि एचपीचा गट नीट निवडा, आणि कोटेशनवर ऑगरचे माप लिहून घ्या.

हाताशी ठेवायचे कागद:

- फार्मर आयडी आणि आधार
- सातबारा आणि ८-अ
- आधार जोडलेले बँक पासबुक
- ट्रॅक्टरचे आरसी बुक
- लागू असल्यास जातीचा दाखला
- कोटेशन आणि मशीनचा परीक्षण अहवाल, हे दोन्ही विक्रेत्याकडून

परीक्षण अहवाल त्याच मॉडेलचा आहे ना, हे नाव आणि मॉडेल क्रमांक जुळवून बघा. स्थानिक वर्कशॉपमध्ये बनवलेले मशीन मजबूत असते, स्वस्तही असते, पण त्याचा अहवाल नसतो, त्यामुळे ते अनुदानात बसत नाही.

६. पहिल्या दिवशी शेतात

बरोबर ठेवा: पहार, टिकाव, खोरे, टेप, दोरी, चुन्याची फक्की, मोठा पाइप पाना, जास्तीचे शिअर बोल्ट.

आखणी करून प्रत्येक खड्ड्याच्या मध्यावर फक्कीची खूण करा. ठिबकची मेन लाइन, मोटारीची वायर, शेजाऱ्याची पाइपलाइन कुठून गेली आहे ते घरच्या जुन्या माणसाला विचारा, सातबाऱ्यावर ते सापडणार नाही. ज्या ओळीत शंका असेल तिथे आधी हाताने फूटभर उकरा.

टॉप लिंक (ट्रॅक्टर आणि मशीन जोडणारा वरचा दांडा) अशी लावा की शेंडा खुणेवर टेकल्यावर ऑगर उभा राहील. खाली जाताना तो थोडा तिरका होतोच, म्हणून पहिले दोन-तीन खड्डे बांधाच्या कडेला घेऊन लिंक जुळवा.

पीटीओ कमी वेगाने सुरू करा. फूटभर गेला की वर उचला, माती झटकू द्या, पुन्हा खाली सोडा. एका दमात तीन फूट उतरवलात तर ऑगर आट्यासारखा जमिनीत रुतून बसतो, आणि मोठ्या ऑगरला हे चटकन होते. रुतला तर लिफ्टने ओढत बसू नका. काही ट्रॅक्टरना रिव्हर्स पीटीओ असतो, तो असेल तर प्रश्न नाही. नसेल तर पीटीओ सोडा, इंजिन बंद करा, किल्ली खिशात घाला आणि पाइप पान्याने ऑगर हाताने उलटा फिरवा. चार-पाच फेऱ्यांत सुटतो.

माती झटकली की ती खड्ड्याच्या काठावरच पडते आणि अर्धी परत आत जाते. मजूर लगेच खोरे घेऊन पुढे येतात, त्यांना ऑगर थांबेपर्यंत दूर ठेवा. उपरणे, ओढणी, पदर, सैल बाही, यातले काहीही शाफ्टजवळ नको. माती काढणाऱ्या बायांना हे काम सुरू व्हायच्या आधी सांगा, मशीन चालू झाल्यावर कोणाला ऐकू येत नाही.

तीन फुटी खड्डा हवा आणि दोन फुटीच ऑगर आहे म्हणून खड्ड्याला लागून दुसरा खड्डा घेणारे असतात. ऑगर मऊ बाजूला, म्हणजे आधीच्या खड्ड्यात, घसरतो आणि शाफ्टला हिसका बसतो. आंब्याला मोठा खड्डा लागणार असेल तर मधला ऑगरने घ्या आणि कडा टिकावाने पाडा.

खांबाचे खड्डे जेवढे त्या दिवशी भरणार तेवढेच मारा. झाडांचे खड्डे उन्हाळ्यात तापू द्यायचे असतात, ते महिनाभर उघडे राहतात. रस्त्याच्या आणि वस्तीच्या बाजूच्या ओळींवर काटेरी फांद्या टाका. १२ इंची खड्ड्यात शेळीचा पाय जातो, दोन फुटीत लहान मूल.